दुकानात न्यायच्या आधी ती दोन प्रकरणं बाहेर काढा

पत्र असं आहे (थोडं आटोपतं करून देतो):

"मी निवृत्त शिक्षिका, संगमेश्वर तालुक्यातली. आमच्या शाळेला शंभर वर्षं होताहेत, स्मरणिकेचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मुलाने त्याचा जुना लॅपटॉप दिला, विंडोज ७ आहे, बॅटरी गेलीय म्हणून चार्जरवरच चालतो. पावसात आमच्याकडे नेट चार-चार दिवस नसतं म्हणून त्याने क्रोममध्ये गुगल डॉक्स आणि ऑफलाइनचं एक्स्टेन्शन टाकून दिलं. वर्षभर बरं चाललं. यंदा जुलैत नेट नसताना मी दोन प्रकरणं लिहिली. त्यातलं एक कोयनेच्या भूकंपात शाळेची भिंत पडली त्या आठवणींचं. ज्या आजोबांनी त्या सांगितल्या ते गेल्या महिन्यात वारले. आता नेट आलंय, फोनवर सगळं चालतं, पण लॅपटॉपवर डॉक्युमेंट उघडलं की 'ऑफलाइन'च दाखवतं. पुण्याच्या सहकारी बाईंना ती प्रकरणं दिसतच नाहीत. सेटिंगमध्ये ऑफलाइनची खूण करायला गेले तर टिकत नाही. दुसऱ्या साइट उघडल्या तर 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' असं येतं. शिवाय नेट नसलं की मराठी उमटत नाही, इंग्रजी अक्षरंच पडतात (ही प्रकरणंही बरीचशी तशीच लिहिली आहेत), ते वेगळंच. तालुक्याच्या दुकानातला मुलगा म्हणतो, एक्स्टेन्शन काढून परत टाका, सगळा डेटा क्लिअर करा, नाहीतर आणा इकडे, फॉरमॅट मारून देतो. स्क्रीनचा फोटो जोडला आहे. देऊ का त्याच्याकडे?"

बाई,

देऊ नका. निदान आज नको.

तो मुलगा काही वेड्यासारखं सांगत नाही. बिघडलेलं एक्स्टेन्शन, म्हणजे क्रोमला जोडलेला तो छोटा प्रोग्राम, काढून परत टाकणं हा रोजचाच उपाय आहे, मीही करतो. पण तो ज्या क्रमाने सांगतोय त्या क्रमाने केलंत तर दोन्ही प्रकरणं जातील आणि मग गुगलकडे हात जोडूनही उपयोग नाही, कारण ती त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नाहीत. नेट नसताना टाइप केलेला मजकूर नेट येईपर्यंत तुमच्याच लॅपटॉपवर असतो. म्हणजे या घडीला त्या आजोबांच्या आठवणींची एकमेव प्रत त्या जुन्या हार्डडिस्कवर, क्रोमच्या पोटात आहे.

पोटात कुठे, तेही सांगतो, कारण घोटाळा तिथेच होतो. लोकांना वाटतं मजकूर एक्स्टेन्शनमध्ये असतो. एक्स्टेन्शन हा नुसता व्यवस्थापक. मजकूर असतो तो ब्राउझरने डॉक्सच्या साइटसाठी राखून ठेवलेल्या एका कप्प्यात. क्रोममध्ये 'ब्राउझिंग डेटा साफ करा' असं म्हटलं की समोर तीन चौकटी येतात. त्यातली 'कॅश केलेल्या इमेज आणि फाइल' ही निरुपद्रवी, ती पुसली तरी मजकुराला धक्का लागत नाही. 'कुकी आणि इतर साइट डेटा' ही मात्र तो कप्पाच रिकामा करते. दुकानातली मुलं घाईत असतात, तिन्ही चौकटींवर टिचक्या मारतात. डॉक्सच्या सेटिंगमधली ऑफलाइनची सोय बंद केली तरी लॅपटॉपवरच्या प्रती जातात. सफाई करणारी फुकटची सॉफ्टवेअरं असतात, 'तुमचा पीसी वेगवान करा' म्हणणारी, तीही हेच करतात. आणि फॉरमॅटबद्दल तर बोलायलाच नको.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त सेक्रेटरींनी असंच नेट नसताना लिहिलं होतं. लॅपटॉप हळू चालतो म्हणून त्यांनी माझ्याकडे आणून दिला आणि मी मोठ्या तज्ज्ञाच्या थाटात तिन्ही चौकटी पुसल्या. इतिवृत्त गेलं. मग तिघांनी मिळून आठवून आठवून नव्याने लिहिलं, तेव्हा सभेत नामंजूर झालेला पार्किंगचा ठराव त्यात मंजूर होऊन आला. दोन वर्षं झाली, पार्किंगचा विषय निघाला की अजून माझ्याकडे बघतात.

तर पहिलं काम हे. लॅपटॉप चार्जरवर आहेच. लाईट जाण्याचा संभव नसेल अशी वेळ बघा. क्रोम नेहमीच्याच पद्धतीने उघडा, तुमच्याच खात्यात. साइन आऊट करायचं नाही, नवीन प्रोफाइल बनवायचं नाही. भूकंपाचं प्रकरण उघडा. मजकूर दिसतोय? मग कंट्रोल धरून ए, कंट्रोल धरून सी. आता स्टार्ट मेनूमधून वर्डपॅड उघडा आणि कंट्रोल-व्ही. शेवटच्या परिच्छेदापर्यंत खाली जाऊन बघा, सगळं आलं आहे ना. मग सेव्ह करून पेनड्राइव्हवर टाका. दुसऱ्या प्रकरणाचंही तसंच.

वर्डपॅडच का, नोटपॅड का नाही, तर विंडोज ७ च्या नोटपॅडमध्ये एक सापळा आहे. तो फाइल मुळात 'अँसी' नावाच्या जुन्या पद्धतीने साठवतो आणि त्या पद्धतीत देवनागरी बसत नाही. सेव्ह करताना इंग्रजीत एक इशारा येतो, आपण सवयीने ओके म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी फाइल उघडली की ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं. अक्षरशः प्रश्नचिन्हं, ती परत अक्षरं होत नाहीत. नोटपॅड वापरायचाच असेल तर सेव्हच्या खिडकीत खाली 'एन्कोडिंग' असतं, तिथे यूटीएफ-८ निवडायचं. वर्डपॅडमध्ये ही भानगड नाही.

आणि एवढं झाल्यावर फोन घ्या आणि स्क्रीनवरच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. हसू नका. हा उपाय गावठी वाटतो, पण तो कोणत्याही सॉफ्टवेअरवर अवलंबून नाही.

(मजकूर दिसतच नसेल, तर घाबरण्याआधी क्रोमच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातलं गोल चित्र बघा. सुट्टीत मुलगा किंवा नातू आला असेल आणि त्याने आपलं प्रोफाइल उघडून ठेवलं असेल तर तुम्ही त्याच्या कप्प्यात तुमची वही शोधत असाल.)

आता बिघाडाकडे येतो. तुमच्या पत्रापेक्षा तुमच्या फोटोने मला जास्त सांगितलं. स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तारीख बघा: ०१-०१-२००९. तुमचा लॅपटॉप सतरा-अठरा वर्षं मागे राहतोय.

संगणक बंद असतानाही त्यातलं घड्याळ चालू राहावं म्हणून आत नाण्याएवढी एक बॅटरी असते. सीआर२०३२ असं तिचं नाव, ३ व्होल्टची. लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा तिला दोन बारीक वायरी जोडलेल्या असतात. आठ-दहा वर्षांनी ती मरते. मुख्य बॅटरी धड असेपर्यंत हे लक्षात येत नाही, कारण घड्याळाला तिच्यातून वीज मिळत राहते. मुख्य बॅटरीही गेली आणि लॅपटॉप चार्जरवर आला की मग लाईट जायचा अवकाश, घड्याळ त्याच्या जन्मतारखेला जाऊन बसतं. जुलैत तुमच्याकडे लाईट किती वेळा गेली असेल ते मी विचारत नाही.

तारखेचा आणि डॉक्सचा संबंध असा. ब्राउझर कुठल्याही साइटशी बोलण्याआधी तिचं प्रमाणपत्र तपासतो. त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं. तुमच्या लॅपटॉपच्या मते आज २००९ सालचा पहिला दिवस आहे, म्हणजे जगातली सगळी प्रमाणपत्रं अजून जन्मालाच यायची आहेत. म्हणून तो प्रत्येक साइटवर संशय घेतो आणि 'कनेक्शन खाजगी नाही' म्हणून दार लावतो. डॉक्सचं पान मात्र उघडतं, कारण ते आधीच लॅपटॉपवर साठवलेलं आहे. ते उघडतं, तुमचा मजकूर दाखवतं, सर्व्हरशी बोलायला जातं, बोलणं होत नाही, आणि बिचारं समजतं की नेट नाही. ऑफलाइनची खूण टिकत नाही तीही बहुधा याच कारणाने: ती सोय चालू करण्यासाठी एकदा तरी सर्व्हरशी धड बोलणं व्हावं लागतं. फोनचं घड्याळ मोबाइलच्या टॉवरकडून वेळ घेतं, म्हणून त्याच वायफायवर फोन खुशाल चालतो.

म्हणजे एक्स्टेन्शनचा काही गुन्हाच नसावा.

उपाय: कोपऱ्यातल्या घड्याळावर टिचकी मारा, तारीख-वेळ बदलायचा पर्याय घ्या आणि आजची तारीख, वर्ष आणि वेळ हाताने भरा. टाइम झोन भारताचा आहे ना तेही बघा. विंडोजमध्ये इंटरनेटवरून वेळ जुळवून घ्यायची सोय आहे, पण ती आधी वापरू नका. तारखेचं अंतर फार असलं की 'सुरक्षेच्या कारणास्तव' ती जुळवायला नकार देते. वर्ष चुकलेलं घड्याळ स्वतः दुरुस्त करत नाही, पाच-दहा मिनिटं चुकलेलं तेवढं करतं. म्हणून आधी हाताने, मग हवं तर इंटरनेटवरून.

मग क्रोम बंद करून उघडा आणि दोन्ही प्रकरणं एकेक करून उघडून तशीच ठेवा. नावाशेजारी आत्ता 'या डिव्हाइसवर सेव्ह' अशा अर्थाचं काहीतरी दिसत असेल. ते बदलून 'ड्राइव्हवर सेव्ह' असं होईपर्यंत खिडकी बंद करायची नाही. पुन्हा लॉगिन मागितलं तर त्याच खात्याने करा. मग पुण्याच्या बाईंना फोन लावा आणि शेवटचं वाक्य वाचून दाखवायला सांगा. प्रकरण पोचलं आहे की नाही हे त्यावरून कळेल, स्क्रीनवरच्या खुणेवरून नाही.

यानंतर दुकानात जायला माझी हरकत नाही, पण ती नाण्याएवढी बॅटरी बदलायला. लॅपटॉप उघडावा लागतो, म्हणून घरी करू नका. फॉरमॅट हा शब्द त्याच्या तोंडून निघाला तर लॅपटॉप उचलून परत या.

घड्याळ सुधारूनही ऑफलाइनची खूण टिकली नाही तर तीन गोष्टी बघा. एक, क्रोमच्या सेटिंगमध्ये 'सर्व खिडक्या बंद केल्यावर कुकी आणि साइट डेटा साफ करा' असं काही चालू आहे का. असेल तर तुम्ही रोज लिहिता आणि तो रोज पुसतो. दोन, सी ड्राइव्हवर जागा आहे का. जुन्या लॅपटॉपवर मुलाच्या कॉलेजातले फोटो आणि सिनेमे पडून असतात. तीन, तुमच्याच क्रोममध्ये मुलाचंही खातं आहे का. एका प्रोफाइलमध्ये एकाच खात्याला ऑफलाइन मिळतं. गुप्त खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोत, ही सोय चालतच नाही, आणि फायरफॉक्समध्येही नाही.

मराठी न उमटण्याचं दुखणं वेगळं आहे आणि मला विचाराल तर त्यावरचा उपाय या सगळ्या पत्रापेक्षा मोलाचा आहे. तुम्ही इंग्रजी अक्षरांत 'शाळा' टाइप करता आणि ते देवनागरी होतं, तो बदल तुमच्या लॅपटॉपवर होत नाही. अक्षरं गुगलच्या सर्व्हरकडे जातात, तिथून शब्द परत येतो. नेट नाही, म्हणून शब्द नाही. यात बिघाड काही नाही, ते तसंच आहे.

विंडोज ७ मध्ये मराठीचा कळफलक आधीपासून आहे, कुठून काही उतरवायला नको. कंट्रोल पॅनलमध्ये 'रीजन अँड लँग्वेज', त्यात 'कीबोर्ड्स अँड लँग्वेजेस', 'चेंज कीबोर्ड्स', 'ॲड', आणि यादीतून मराठी. मग डावीकडची ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबली की इंग्रजीचं मराठी, पुन्हा दाबली की इंग्रजी. नेट असो नसो. याला इनस्क्रिप्ट म्हणतात, सरकारी मानक आहे.

पहिले चार दिवस राग येईल, कारण अक्षरं इंग्रजी उच्चारावर नाहीत. ती आपल्या वर्णमालेच्या तर्काने लावलेली आहेत: स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. के दाबला की क, शिफ्ट धरून के दाबला की ख. आय दाबला की ग, शिफ्टने घ. एल म्हणजे त, शिफ्टने थ. अल्पप्राण साधा, महाप्राण शिफ्टवर. तुम्ही चाळीस वर्षं जे फळ्यावर शिकवलंत तेच कळफलकावर मांडलंय. 'कमल' लिहायला के, सी, एन. 'शाळा' लिहायला शिफ्ट-एम म्हणजे श, ई म्हणजे काना, शिफ्ट-एन म्हणजे ळ, पुन्हा ई. जोडाक्षराला मध्ये डी, तो पाय मोडतो. आणि 'दुसऱ्या'मधला तो आडवा अर्धा र, ज्यासाठी इंग्रजीतून टाइप करणारे लोक रडतात आणि शेवटी 'दुसर्‍या'च्या जागी 'दुसर्या' लिहून मोकळे होतात, तो इथे सरळ आहे: शिफ्ट-जे, डी, मग इंग्रजीतली तिरकी रेघ म्हणजे य, आणि ई. कळफलकाचा तक्ता कागदावर काढून स्क्रीनशेजारी चिकटवा. तुम्ही शिक्षिका आहात, तक्ता माझ्यापेक्षा बरा काढाल.

आता जरा कडू. हे सगळं केल्यावरही तुमच्या लॅपटॉपवर डॉक्सची ऑफलाइन सोय किती दिवस चालेल याची हमी नाही. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं क्रोम म्हणजे आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. त्यानंतर तुमच्या क्रोमला एकही नवी आवृत्ती मिळालेली नाही, मिळणारही नाही. डॉक्स मात्र पुढे जात राहतं आणि गुगल फक्त ताज्या आवृत्त्यांची जबाबदारी घेतं. वर्षभर बरं चाललं हे तुमचं नशीब. ही सोय गुगलने स्वतःही एकदा काढून घेतली आहे: २००८ मध्ये 'गिअर्स' नावाच्या जोडणीवर डॉक्स ऑफलाइन चालायला लागलं, मे २०१० मध्ये बंद केलं, २०१२ मध्ये परत आणलं. मधली दोन वर्षं ज्यांच्या गावात नेट नव्हतं त्यांनी काय केलं हे कुणी विचारलं नाही.

म्हणून स्मरणिका पुरी होईपर्यंत माझा सल्ला वेगळा आहे. लिबरऑफिस टाका, वर्डसारखं लिहायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, नेटशिवाय चालतं, मराठी नीट दाखवतं. मुलाला सांगताना आवृत्ती बजावून सांगा: विंडोज ७ साठी २४.८, सगळ्यात नवीन नको, कारण २५.८ पासून विंडोज ७ चा आधार काढला आहे आणि ती बसणारच नाही. रोजचं लिखाण त्यात करा, एका प्रकरणाची एक फाइल. नेट आलं की ती फाइल ड्राइव्हवर चढवा, पुण्याच्या बाई तिथून वाचतील. एक प्रकरण एका वेळी एकीनेच हातात घ्यायचं, हे दोघींत ठरवून टाका. डॉक्स दोघांचे बदल एकत्र करतं खरं, पण चार दिवस नेट नसताना तुम्ही एक परिच्छेद उडवलात आणि त्यांनी त्याच परिच्छेदात तीन ओळी घातल्या, तर जे बाहेर येईल ते दोघींपैकी कुणीच लिहिलेलं नसेल.

लॅपटॉपचं पुढे काय करायचं ते स्मरणिका छापून आल्यावर बघू. त्यात ६४ बिटचा प्रोसेसर आणि ४ जीबी मेमरी असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाकता येईल. त्यावर आजचं, ताजं क्रोम चालतं आणि डॉक्सचं ऑफलाइनही. पण काम अर्धवट असताना घर बदलू नये.

छापखान्याचं मात्र आत्ताच विचारून ठेवा: युनिकोड मजकूर, म्हणजे तुम्ही टाइप करता तसली मराठी, घेतात का? आपल्याकडचे बरेच छापखाने अजून श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, पानं लावतात, मग तुमचा मजकूर ते आधी त्या फॉन्टमध्ये बदलून घेतात. त्या बदलात बाकी सगळं बहुतेक ठीक येतं, पण तो आडवा अर्धा र गडबडतो. तेव्हा पहिलं प्रूफ हाती आलं की आधी 'दुसऱ्या', 'सुऱ्या', 'वाऱ्या' असे शब्द शोधा, मग बाकीचं वाचा.